अंथरूण धरलेल्या माणसाचे सरकारी कागद

आंध्र प्रदेशात पक्षाघाताने अंथरूण धरलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवर आलेल्या माणसाला २०२४पासून महिना १५,००० रुपये पेन्शन मिळते. केरळात ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे. तिथे पैसे रुग्णाला नाही, तर त्याचं हगणं-मुतणं काढणाऱ्या घरच्या माणसाला मिळतात. रक्कम महिना ६०० रुपये, म्हणजे चेष्टाच. पण असं एक माणूस घरात राबतंय याची निदान सरकारदप्तरी नोंद तरी होते. महाराष्ट्रात ‘दीर्घकाळ शुश्रूषा लागणारा वृद्ध’ असा वेगळा रकाना नाही. इथे म्हातारपणाचे पैसे तहसीलदार देतो, अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालय देतं, कमोडच्या खुर्चीचे पैसे समाज कल्याण खातं देतं आणि न विचारणाऱ्या मुलाकडून खर्च वसूल करून द्यायचं काम प्रांताचं. या चार खिडक्यांना एकमेकींची ओळख नाही. त्यामुळे कुठल्या खिडकीवर आधी जायचं याला इथे फार महत्त्व आहे. क्रम चुकला की तोच दाखला तीनदा काढावा लागतो, आणि दरवेळी घरात रुग्णाजवळ बसायला कोणीतरी शोधावं लागतं.

डोळ्यांसमोर एक माणूस ठेवूनच पुढे जाऊ. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ७२ वर्षांची विधवा आत्या आहे. मूलबाळ नाही. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, सगळं जागेवर होतं. भाचा आणि भाचसून बघतात. गावातलं घर तिच्या नावावर होतं, ते तिने भाच्याला बक्षीसपत्राने दिलं आहे किंवा द्यायचा विचार आहे. ‘भाच्या’च्या जागी मुलगा, मुलगी, सून, कोणीही ठेवा, कागद बहुतेक तेच लागतात.

आधी नाव, मग आधार, मग बँक

पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका. घरातले सगळे कागद अंथरा आणि आत्याचं नाव प्रत्येकावर कसं लिहिलंय ते बघा. आधारवर ‘शांता’, रेशनकार्डावर ‘शांताबाई’, पासबुकात माहेरचं आडनाव, असा प्रकार म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत नेहमीचा. तहसीलच्या भाषेत याला ‘त्रुटी’ म्हणतात आणि या एका त्रुटीवर अर्ज महिनोन् महिने पडून राहतो. जन्मतारखेचंही तसंच. आधार काढताना अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते आणि वर्ष दोन-चार इकडेतिकडे. ६५, ७० आणि ८० हे तिन्ही आकडे पुढे लागणार आहेत, म्हणून वय आत्ताच नीट करून घ्या.

आधार केंद्रापर्यंत आत्याला नेणं शक्य नसेल तर आधार प्राधिकरण घरी येऊनही दुरुस्ती करतं. त्यासाठी १९४७ या क्रमांकावर फोन करून ‘अंथरुणाला खिळलेली व्यक्ती’ असं स्पष्ट सांगायचं. शुल्क पडतं. धुणीभांडी आणि शेतकाम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या आहेत त्यांचं बुबुळ किंवा चेहऱ्यावरून काम होतं. ‘ठसा उमटत नाही, परत जा’ हे उत्तर नियमात बसत नाही.

बँकेत दोन गोष्टी बघायच्या. एक, खातं बंद पडलंय का. दोन, आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलेलं आहे. सरकारी पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात पडतात, तुम्ही अर्जावर कुठलं खातं लिहिलंय ते न बघता. अनेकांचे पैसे पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा कर्जासाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात जमा होत असतात, आणि घरचे मात्र तहसीलला शिव्या देत असतात.

सही करता येत नाही म्हणून बँक पैसे अडवत असेल तर रिझर्व्ह बँकेची वृद्ध, आजारी आणि असमर्थ खातेदारांबद्दलची सूचना दाखवा. हाताचा अंगठा, तोही नाही तर पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरच्या आणि असमर्थ खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असंही रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. खेड्यात बँकेपेक्षा पोस्टमन बरा. पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन तो दारात येतो, आणि बहुधा आत्याला ओळखतही असतो.

आता थोडं अवघड. आत्याचं डोकं आज ताळ्यावर आहे. उद्या असेलच असं नाही. बचत खातं आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने संयुक्त करून घ्यायच्या, वारस नोंदवायचे, मुखत्यारपत्र करायचं, ते सगळं आज. मुखत्यारपत्राबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ते करून ठेवलं की पुढे माणूस भ्रमिष्ट झालं तरी चालतं, असं लोक धरून चालतात. चालत नाही. देणाऱ्याचं मन जागेवर राहिलं नाही की आपल्याकडच्या कायद्याने मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर उरतो तो पालक नेमून घेण्याचा मार्ग. कोमात गेलेल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत, पण त्याला वकील, फी आणि वेळ लागतो. म्हणून पैशाचे व्यवहार डोकं शाबूत असताना लावून घेणं यालाच मी या सगळ्या कृतीतली सर्वांत निकडीची पायरी म्हणेन, जरी तिच्यात सरकारी मदतीचा एक रुपयाही नसला तरी.

दिव्यांग दाखला: जो कोणी काढत नाही

म्हाताऱ्या माणसाचा अपंगत्वाचा दाखला काढायचा असतो हेच बऱ्याच घरांना सुचत नाही. ‘वय झालं, आता काय अपंग म्हणून नोंदवायचं,’ असं म्हणून विषय संपतो. तिथेच नुकसान होतं. नुसतं म्हातारं असण्यापेक्षा दिव्यांग म्हणून नोंद असलेल्या म्हाताऱ्याला महाराष्ट्रात जास्त पैसे मिळतात, आणि ते देणारी दारंही जास्त असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि वयाची अट कुठेही नाही.

अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा. मोबाइलवरून होतो, नाहीतर गावातल्या सेवा केंद्रातून. फोटो, आधार आणि सही किंवा अंगठा लागतो. जवळचं रुग्णालय निवडायचं असतं. अर्जाचा क्रमांक मिळाला की खरं काम सुरू होतं, कारण आत्याला तपासणीसाठी तिथे न्यावं लागतं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणीचे वार ठरलेले असतात. आधी एकट्याने जाऊन तीन गोष्टी विचारून या: वार कुठला, त्या दिवशी त्या आजाराचे डॉक्टर असतात का, आणि गाडी कुठपर्यंत आत येते. नंतरच आत्याला घेऊन निघा. दारापाशी पोचल्यावर एकाने आत जाऊन डॉक्टरांना गाडीतच तपासायची विनंती करायची. पुष्कळ डॉक्टर येतात. घरातून हलवणंच शक्य नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी विनंतीचं उत्तरही तोंडी मिळतं आणि नंतर कोणाला आठवत नाही.

सोबत न्यायचं ते: पहिल्यांदा दवाखान्यात ठेवलं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयचा अहवाल (फिल्म नव्हे, लिहिलेला अहवाल), चालू औषधांची यादी. पक्षाघाताच्या बाबतीत घाई करून उपयोग नसतो. आजार स्थिरावल्याशिवाय टक्केवारी ठरवत नाहीत, साधारण सहा महिने थांबायला सांगतात. ते सहा महिने पहिल्या पायरीतल्या नाव-आधार-बँकेसाठी वापरा.

टक्क्यांचं गणित असं. ४० टक्के हा उंबरठा. त्याखाली पांढरं कार्ड, ज्याचा फारसा उपयोग नाही. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. तपासणीच्या दिवशी फक्त गेलेला हात-पाय दाखवून येऊ नका. ऐकू कमी येत असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दिसत नसेल, तर तेही तपासून घ्या. एकापेक्षा जास्त प्रकार असले की टक्के एकत्र मोजतात.

स्मृतिभ्रंशाचं प्रकरण नाजूक आहे. कायद्याच्या यादीत पार्किन्सन नावाने आहे, डिमेन्शिया नावाने नाही. म्हणून खिडकीवरचा माणूस ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणतो. अशा वेळी मानसोपचार विभागात जायचं. तिथे ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर तपासतात: स्वतःचं आवरता येतं का, बोलणं-समजणं किती, माणसांशी वागणं कसं, काम होतं का. उत्तरं घरच्यांनी द्यायची असतात आणि इथे मराठी घरं एक हमखास गोष्ट करतात. पाहुण्यांसमोर झाकायची सवय डॉक्टरांसमोरही सुटत नाही. ‘तशी बरी आहे हो, जेवते स्वतःच्या हाताने.’ जेवते खरी, पण घास समोर धरून दहा वेळा सांगितल्यावर. ते दहा वेळा सांगणं डॉक्टरांना सांगा.

दाखला तात्पुरता मिळाला तर त्यावर संपायची तारीख असते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती उलटली की त्यावर चालणारे पैसेही थांबतात.

तहसील: संजय गांधी शाखा

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८०मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, आणि आजही तहसील कचेरीत त्या टेबलाला ‘संजय गांधी’ एवढंच म्हणतात. निराधार, विधवा, दिव्यांग, म्हातारे, सगळे तिथेच. वय ६५ व्हायच्या आत असेल तर संजय गांधी योजना. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. आत्या ७२ची, म्हणजे श्रावणबाळ. रक्कम महिना १,५०० रुपये. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर त्यातला काही भाग केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून येतो: ८० वर्षांखाली २०० रुपये, ८० नंतर ५००. बाकीचे राज्य घालतं. केंद्राचा तो २०० रुपयांचा आकडा किती वर्षं तसाच आहे हे कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा.

इथे मागची पायरी कामी येते. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या दोन्ही योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम हजार रुपयांनी वाढवून २,५०० केली. म्हणजे त्याच आत्याला, त्याच टेबलावर, दाखला जोडला तर २,५०० आणि नाही जोडला तर १,५००. जिला श्रावणबाळचे पैसे आधीपासून येतात तिनेही दिव्यांग कार्डाची प्रत तहसीलला देऊन आपली नोंद बदलून घ्यावी. आपोआप होईल असं धरू नका.

कागद: वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुकाचं पहिलं पान, फोटो आणि असल्यास दारिद्र्यरेषेचा दाखला व दिव्यांग कार्ड. अर्ज सेतूत किंवा ‘आपले सरकार’वर भरता येतो. मग तलाठी (आता हुद्दा ‘ग्राम महसूल अधिकारी’, पण हाक तीच) चौकशी करून अहवाल देतो आणि अर्ज तालुका समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष बहुधा पालकमंत्र्यांनी नेमलेला कार्यकर्ता असतो. म्हणून निवडणुकांच्या आधी बैठका भराभर होतात आणि समितीची मुदत संपलेली असली की गठ्ठे पडून राहतात. तहसीलदारांना भेटाल तेव्हा ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका. ‘समितीची पुढची बैठक कधी आहे आणि आमचा अर्ज त्या यादीत आहे का’ असं विचारा.

खरी अडचण उत्पन्नाची. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपये झाले. रोजंदारीवर जाणारं एक माणूस घरात असलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते, हे तलाठ्यालाही माहीत, तहसीलदारालाही माहीत आणि मंत्रालयालाही. (दिव्यांगांना संजय गांधी योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत सवलत आहे, पण ती ६५च्या आतल्यांसाठी.) खोटा दाखला काढून देणारे एजंट सेतूच्या बाहेरच उभे असतात. त्यांच्या नादी लागू नका. फेरतपासणीत दिलेले पैसे वसूल होतात. आत्याचं रेशनकार्ड खरोखर वेगळं असेल, चूल वेगळी असेल, तर तिचं उत्पन्न एकटीचं धरायला सांगा आणि चौकशीला आलेल्या तलाठ्याला ती चूल दाखवा. कार्ड भाच्याच्या कुटुंबातच असेल तर उत्पन्न सगळ्यांचं मोजलं जाईल, आणि मग या खिडकीवर फार वेळ घालवू नका. पुढच्या खिडक्यांच्या मर्यादा इतक्या तोकड्या नाहीत.

खुर्ची, वॉकर, कमोड

६ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि तीन वर्षांत सरकारकडून तीच वस्तू फुकट मिळालेली नसावी. एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. त्यातून व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, तीन पायांची काठी, कमोडची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा किंवा मानेचा पट्टा घ्यायचा. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे. अर्ज चालू आहेत का, हे तिथे जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

पैसे आले की ३० दिवसांत खरेदीचं बिल द्यावं लागतं. औषधाच्या दुकानातून पक्कं बिल घ्या, त्यावर आत्याचं नाव हवं. ३,००० मध्ये चांगली व्हीलचेअर येत नाही, श्रवणयंत्र तर नाहीच. पण कमोडची खुर्ची येते, आणि अंथरुणावरच्या माणसासाठी मी तिचाच सल्ला देईन. दिवसातून एकदा तरी तिच्यावर बसवता आलं तर डायपरचा खर्च कमी होतो, पाठीला जखमा व्हायचा धोका कमी होतो, आणि बाई माणसाची लाजही थोडी राखली जाते.

व्हीलचेअर हवी असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरावर डोळा ठेवा. ६० वर्षांवरचं वय, आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंतचं उत्पन्न. वस्तू कानपूरच्या एलिम्को कंपनीच्या असतात. शिबिरं दोन भरतात: आधी मापं घेण्याचं, काही महिन्यांनी वाटपाचं. पहिल्याला गेलं नाही तर दुसऱ्याला फक्त टाळ्या वाजवता येतात.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि पाच टक्के

प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांना हे लागू आहे. छोट्या ग्रामपंचायतीत ही रक्कम थोडी असते आणि मार्चअखेर घाईने वाटली जाते, कधी डबे, कधी चादरी. ग्रामसेवकाकडे दिव्यांगांची यादी असते. आत्याचं नाव त्यात घाला आणि ग्रामसभेत काय हवं ते बोला. हवेची गादी आणि डायपर मागा. कोणी मागतच नाही म्हणून डबे येतात.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजना आहे: पिवळ्या कार्डाला सहामाही ६,००० रुपये, निळ्याला सहामाही १८,०००. बाकी महापालिकांच्या योजना आणि रकमा वेगवेगळ्या आहेत. आपापल्या समाज विकास विभागात विचारा. गोव्यात राहणाऱ्यांचा रस्ता सरळ आहे. तिथली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना वृद्ध आणि दिव्यांग दोघांना एकाच खात्यातून सांभाळते आणि वृद्धांना महिना २,००० रुपये देते.

दवाखाना: कार्ड कुठे थांबतं

आत्या ७०च्या पुढे, म्हणून तिला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४पासून ते चालू आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, कागद फक्त आधार. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना दोन्हींतली एक निवडावी लागते. ७०च्या आतल्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.

पण हे कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरती व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून आत्याच्या नाकातली नळी, लघवीची पिशवी, पाठीवरची जखम आणि चोवीस तासांची मावशी हे सगळं घरच्यांच्या खिशातलं. शहरात त्या मावशीचा महिना पाच आकड्यांत जातो, ब्युरोचं कमिशन वेगळं. कार्ड हातात देताना ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि घरं गाफील राहतात.

सोळाव्या दिवसानंतरचं जे थोडं सरकारी मिळतं ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा आणि ग्रामीण रुग्णालयात दोनदा वृद्धांसाठी वेगळा तास, घरभेटी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष धरलेला आहे. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. वृद्ध आणि वेदनाशामक सेवा त्याच्या कामाच्या यादीत आहेत. आशाताईला गाठा. तिच्याकडून आत्याचं नाव ‘घरभेट आवश्यक’ म्हणून नोंदवून घ्या, आणि नर्स घरी आली की दोन गोष्टी शिकून घ्या: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची आणि नळीतून भरवताना पाठ किती उंच ठेवायची. शिकवायला पैसे लागत नाहीत, आणि पुढची भरती टाळायला याच दोन गोष्टी उपयोगी पडतात.

प्रांताची पायरी

पालक आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७चा. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९पासून लागू आहे आणि त्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे आहे. लोक याला मुलांना कोर्टात खेचणं समजतात आणि घाबरतात. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही, आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. मिळू शकणारी कमाल रक्कम महिना १०,००० रुपये.

मूल नसलेल्या आत्यालाही हा दरवाजा उघडा आहे. ज्या नातेवाइकाकडे तिची मालमत्ता आहे किंवा जो तिचा वारस ठरणार आहे, त्याच्याकडून ती निर्वाह मागू शकते. आणि इथेच बक्षीसपत्राचा प्रश्न येतो. कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. अट दिसली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये सुदेश छिकारा यांच्या प्रकरणात म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावला आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबाही परत देऊ शकतं असं सांगितलं. आत्याने घर अजून दिलेलं नसेल, तर बक्षीसपत्रातच एक वाक्य घालायला दुय्यम निबंधकाकडे जाण्यापूर्वी सांगा: हयातभर अन्न, औषध, शुश्रूषा आणि राहायला जागा देण्याच्या अटीवर. भाचा चांगला असेल तर त्याला या वाक्याचा काहीच त्रास नाही. ते वाक्य खुपणारा भाचा असेल, तर घर न देणंच बरं.

भांडण इतकं पुढे जायच्या आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर फोन करून बघावा. मारहाण, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं, यांत त्यांची माणसं प्रत्यक्ष हस्तक्षेपही करतात.

वृद्धाश्रमाबद्दल थोडक्यात. अनुदानित वृद्धाश्रमात पुरुष ६० आणि स्त्री ५५ वर्षांपासून जाऊ शकते, अर्ज समाज कल्याणकडे. पण बहुतेक ठिकाणी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. अंथरूण धरलेल्या माणसासाठी ही वाट जवळजवळ बंद आहे, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवून बाकीच्या खिडक्या सोडू नका.

दरवर्षीचं काम

पैसे सुरू झाले म्हणजे संपलं नाही. संजय गांधी आणि श्रावणबाळच्या लाभार्थ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणावरच्या माणसाला हजर करता येत नाही म्हणून अनेकांचं अनुदान बंद पडतं. मुदत येण्याआधीच तहसीलला लेखी कळवा की लाभार्थी चालू-फिरू शकत नाही, घरी येऊन पडताळणी करावी. सोबत दिव्यांग कार्डाची प्रत. पोच जपून ठेवा.

अनुदान अचानक थांबलं तर आधी बँकेत जाऊन आधार जोडणी तुटली आहे का ते बघा. बऱ्याचदा तिथेच सापडतं. तिथे ठीक असेल तर तहसीलदारांना लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही. उत्पन्न किंवा रहिवासाचा दाखला अडला असेल तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील होतं. जिल्हाधिकाऱ्यांसमोर जायचं असेल तर महिन्याचा पहिला सोमवार, लोकशाही दिन.

आत्या गेल्यावर तहसीलला मृत्यूच्या दाखल्याची प्रत द्या आणि पोच घ्या. त्यानंतरही एखादा हप्ता खात्यात पडतो. तो काढू नका. वर्ष-दीड वर्षाने पडताळणीत ती रक्कम निघते आणि वसुलीची नोटीस भाच्याच्या नावाने येते.